चिमुकली पाती आणि धरणारा हात

गेल्या अंकात बोटभर लांबीच्या तलवारी, कट्यारी, दांडपट्टे घरी कसे घडवायचे यावर सचित्र लेख आला आणि त्यानंतर संपादकांनी माझ्याकडे पत्रांचं बाड पाठवून दिलं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हाताच्या शस्त्रक्रियेनंतर स्प्लिंट (बोटांना आधार देणारी पट्टी) बनवणं आणि बोटं पुन्हा चालती करणं हे माझं रोजचं काम. येणारे बहुतेक भोसरी-चाकणकडचे प्रेसवरचे कामगार. पण घरी छंद म्हणून काहीबाही घडवणारेही असतात. नव्या पेशंटच्या हातात मी आधी एक पेन्सिल देते आणि म्हणते, ‘कसं धरलं होतं ते दाखवा.’ जवळपास प्रत्येकजण एकच दाखवतो : उजव्या हातात हत्यार, आणि वस्तू डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत. काम मोठं असलं की माणूस आपसूक व्हाइसला, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्याला लावतो. लहान झालं की बोटांनीच आवळून धरतो. जखम होते ती बहुतेक वेळा या धरणाऱ्या हाताला. लेखात करवत, कानस, पॉलिश सगळं होतं, धरायचं कसं ते नव्हतं. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर देते.

ताई, मी हॅक्सॉ ब्लेडपासून लहान तलवारी बनवतो. दोन महिन्यांपूर्वी कानस मारताना पातं सटकलं आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूला कापलं. जखम जेमतेम सेंटिमीटरभर. तीन टाके पडले, आठवड्याभरात भरली. पण बोटाचं टोकाचं पेर वाकत नाही आणि एका बाजूने बोट बधिर लागतं. घरचे म्हणतात, हळूहळू होईल. किती दिवस थांबू?
(एक वाचक, नाशिक)

आता एक दिवसही थांबू नका. हातांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला, ते जवळ नसतील तर प्लास्टिक सर्जनला, याच आठवड्यात हात दाखवा.

तुमच्या बोटात काय झालं असावं ते सांगते. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटात तळव्याच्या बाजूने दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या जातात. वरचा मधल्या पेरापर्यंत, खोलवरचा थेट टोकाच्या पेरापर्यंत. दोन्ही एकाच अरुंद आवरणातून सरकतात, सायकलच्या ब्रेकची तार नळीतून सरकते तसे. ओढणारे स्नायू मात्र कोपराखाली, हाताच्या मांसल भागात असतात. टेंडन तुटला की स्नायू त्याचं वरचं टोक मागे खेचून घेतो. टाके घालणाऱ्याला जखमेत तुटलेलं काही दिसलंच नाही, असं म्हणूनच होऊ शकतं. शिवाय लहान पातं टोकदार आणि अरुंद असतं. कातडीवर एवढीशी चीर पडते आणि आत ते हाडापर्यंत जातं. चिरेची लांबी बघून खोली कधीही ठरवू नये. लहान पात्यांबाबत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याचीच.

घरी करता येईल अशी तपासणी आहे. हात उताणा टेबलावर ठेवा. दुसऱ्या हाताने त्या बोटाचं मधलं पेर सरळ दाबून धरा आणि फक्त टोक वाकवून बघा. वाकलं नाही, तर खोलवरचा टेंडन तुटला असण्याची दाट शक्यता. मग बाकीची तीन बोटं सरळ दाबून ठेवा, दुखरं बोट मोकळं सोडा आणि मधल्या सांध्यात वाकवा. हे जमलं, तर वरचा टेंडन शाबूत आहे. एक तुटून दुसरा शाबूत असला की बोट बऱ्यापैकी वाकतं, मूठही जवळजवळ मिटते आणि दुखापत अंगावर निघते. तुमच्या बाबतीत तसंच झालेलं दिसतं.

तळव्यावरच्या बोटांकडच्या आडव्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा हा भाग फार अवघड. अमेरिकेतले हस्तशल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांनी त्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं; तिथे शिवलेला टेंडन आवरणाला चिकटून बसे, म्हणून लगेच शिवायला सर्जन धजत नसत. १९६० च्या दशकापासून तिथेही ताबडतोब शिवण्याची पद्धत रुळली आणि निकाल खूप सुधारले. पण ‘ताबडतोब’ला अर्थ आहे. पहिल्या काही दिवसांत टोकाला टोक जुळतं. दोन महिन्यांनी बहुतेकदा जुळत नाही. मग दुसरीकडचा टेंडन घेऊन जोडणं, कधी ते दोन टप्प्यांत करणं, किंवा वरचा टेंडन उत्तम चालत असेल तर टोकाचा सांधा कामाच्या कोनात पक्का करून टाकणं, असे पर्याय उरतात. यातला कुठला ते सर्जन तुमचा हात आणि तुमचं काम बघून ठरवतील. तोवर तुमच्याकडून एक हवं आहे. दुसऱ्या हाताने त्या बोटाचे सगळे सांधे रोज अनेकदा अलगद पूर्ण वाकवा आणि सरळ करा. सांधा आखडला असेल तर नवा टेंडन बसवूनही काही हलत नाही.

बधिरपणाचंही तसंच. बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक मज्जातंतू जातो. तुटलेला जोडला तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतो, म्हणजे बोटाच्या बुडापासून टोकापर्यंत दोन-तीन महिने सहज लागतात. खात्री करायची असेल तर हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. नीट संवेदना असलेल्या बोटांना सुरकुत्या पडतात. मज्जातंतू तुटलेल्या बाजूची कातडी गुळगुळीत राहते.

आता पातं धरण्याबद्दल. तलवार पट्टीतून आधी कापून मोकळी करू नका. ३०० मिलिमीटरच्या अख्ख्या ब्लेडच्या एका टोकाला तिचा आकार काढा, उरलेली पट्टी व्हाइसमध्ये धरा आणि पात्याचं कानसकाम तिथेच संपवा. वेगळं करायचं ते सगळ्यात शेवटी. वेगळं झाल्यावरही काम उरलं असेल तर सोनारांकडे बघा. ते नगाला लाकडी दांड्यावर लाखेत बसवतात आणि दांडा हातात धरतात. बोटं कामापासून वीतभर लांब राहतात. कोंदणकामातली ही जुनी रीत तुमच्या तलवारीला अगदी बेतशीर आहे. लाख नसेल तर लाकडाच्या ठोकळ्यात खाच करून पातं बसवा आणि ठोकळा सी-क्लॅम्पने टेबलाला आवळा. मूठ बसवताना टोकावर बुचाचा तुकडा खोचा. कानशीला लाकडी मूठ हवीच. नाहीतर पातं अडकतं त्या क्षणी कानशीचं शेपूट तळव्यात घुसतं. आणि धार लावू नका. काचेच्या कपाटात ठेवायच्या तलवारीला धार कशाला हवी?

हॅक्सॉ ब्लेड हाताने वाकवून तोडण्याची सवय असेल तर ती सोडा. पूर्ण कडक ब्लेड तुटताना त्याच्या ठिकऱ्या उडतात. व्हाइसमध्ये धरून, वर जाड फडकं टाकून, गॉगल लावून तोडा.

आमचं हुपरीला चांदीचं काम आहे. पेंडंट म्हणून दीड इंची कट्यारी आणि बिचवे बनवतो. बफ मारताना (फिरत्या कापडी चाकावर चमकवताना) माल हातातून उडतो, दोन पोरांची बोटं फाटली. सगळ्यांना सुती हातमोजे आणून दिले, पण एक जुना कारागीर म्हणतो मोज्यांनी उलट जास्त लागेल. खरं काय?
(एक व्यावसायिक, हुपरी, जि. कोल्हापूर)

तुमचा जुना कारागीर बरोबर सांगतो आहे. फिरत्या यंत्रावर सुती किंवा लोकरीचे हातमोजे नकोत. बफ असो, ड्रिल असो, ग्राइंडर असो. मोज्याचा एक धागा अडकला की मोजा ओढला जातो आणि त्याच्याबरोबर बोट. नुसतं बोट चाकाला लागलं तर कातडी सोलते. मोज्यासकट गेलं तर पिळवटून निघतं. असं पिळवटलेलं बोट पुन्हा जोडणं सरळ कापलेल्यापेक्षा खूप अवघड असतं.

तुमच्याकडे बहुधा मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेणारी मोटर असेल. सहा इंची चाकाची कड त्या फेऱ्यांना ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने धावते. कट्यारीचं टोक चाकाकडे, वरच्या अंगाला गेलं की चाक ते पकडतं आणि त्या वेगाने फेकतं. म्हणून माल चाकाच्या मध्यरेषेच्या थोडा खाली धरायचा. तिथे चाक तुमच्या समोरून खाली जात असतं, त्यामुळे सुटलेला माल खाली आणि पलीकडे जातो. कडेला बफ मारताना चाक कडेवरून बाहेर निसटलं पाहिजे, कडेवर चढून येता कामा नये. पात्याचा निम्मा भाग एका बाजूने, मग फिरवून उरलेला. बिचव्याला तर आकडीसारखा बाक असतो. त्याच्या आतल्या बाकात मोठं चाक घालूच नका. तिथे लहान फेल्ट बिट वापरा किंवा हाताने दोरा-पॉलिश करा. चाकाखाली आणि मागे जाड कापड घातलेला खोका ठेवा, म्हणजे उडालेला माल तिथे अडकेल आणि हरवणारही नाही.

मोजे आणले ते माल तापतो म्हणून असतील तर उपाय वेगळा आहे. कट्यार लाकडाच्या चपट्या पट्टीवर खाचेत बसवा आणि पट्टी दोन्ही हातांनी धरा. माल तापला की पाण्यात बुडवा. साखळीत ओवलेलं पेंडंट कधीही बफला लावू नका. साखळी चाकाला गुंडाळते आणि बोटाभोवतीही.

आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक. मनगटातला गंडा, लाल धागा, श्रावणातली राखी, बोटातली अंगठी, हे सगळं बफवर बसण्याआधी उतरलं पाहिजे. श्रद्धेच्या आड येण्याचा माझा हेतू नाही. पण अंगठी अडकून बोटाची कातडी मोजा उलटावा तशी सोलून निघालेली मी पाहिली आहे आणि ते बोट वाचवताना सर्जनची काय दमछाक होते तेही पाहिलं आहे. गंडा दंडाला बांधा, अंगठी खिशात ठेवा. बायका काम करत असतील तर ओढणी कमरेला खोचलेली आणि केसांचा घट्ट अंबाडा. बटण मात्र पायाने किंवा कोपराने बंद करता येईल अशा जागी हवं. हात अडकलेला असताना हाताने बटण कसं दाबणार?

बोट तुटून पडलं तर बर्फात ठेवायचं ना?
(त्याच पत्रात खाली)

थेट बर्फात नाही. बर्फ लागला की पेशी गोठून मरतात. तुकडा स्वच्छ पाण्याने नुसता खंगाळा, ओल्या पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या भांड्यात ठेवा. स्पिरिट नको, दूध नको, तुकडा पाण्यात भिजत टाकणंही नको. नखाएवढा तुकडा असला तरी बरोबर न्या. तो उपयोगाचा आहे की नाही हे सर्जन ठरवतील. हाताला स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा, मनगटाला दोरी आवळू नका. आणि चहा पाजू नका. आपल्याकडे कुणाला लागलं की पहिला चहा येतो, पण भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. जपानमध्ये नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी १९६५ मध्ये पूर्ण तुटलेला अंगठा जोडून दाखवला, तेव्हापासून हे काम जगभर होतं आहे. बोटात स्नायू नसल्यामुळे थंड ठेवलेलं बोट कित्येक तास टिकतं. म्हणून घाबरून जवळच्या कुठल्याही दवाखान्यात टाके घालून घेण्यापेक्षा आधी फोन करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याची सोय जिथे आहे तिथेच जा. हुपरीहून तुम्हाला कुठे जाता येईल ते आजच शोधून नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. लंडनहून आलेली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात बघितल्यापासून त्याच्या डोक्यात तेच आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसाठी तो खिळे ठेचून भाले-तलवारी करतो, आता स्वतःच्या हाताच्या मापाची वाघनखं करायची म्हणतो. करू द्यावं का?
(एक आई, सातारा)

मावळ्यांच्या तलवारी करू द्या. स्वतःच्या मापाची लोखंडी वाघनखं नको. संग्रहालयात त्याने नीट पाहिलं असेल तर त्यालाच विचारा, नखं कुठल्या बाजूला वळतात? अंगठी बोटांत आणि नखं तळव्याच्या बाजूला, मुठीत लपतील अशी. म्हणजे घालून मूठ मिटली, पाय घसरला, भावाशी झटापट झाली, तर पहिला वार स्वतःच्याच तळव्यावर. आणि तिथे काय काय असतं ते वर नाशिकच्या पत्रात लिहिलंच आहे. हातात घालायचीच असतील तर एम-सीलची करू द्या, टोकं वाटाण्याएवढी गोल ठेवून. चंदेरी रंग दिला की फोटोत छान दिसतात. मावळ्याच्या मापाची मात्र त्याने ॲल्युमिनियमच्या तारेची खुशाल करावीत.

खिळे ठेचताना खिळा बोटांत धरायचा नाही, पकडीत धरायचा. साधा मऊ खिळाच घ्या. काँक्रीटमध्ये ठोकायचा खिळा कडक असतो, हातोडी बसली की त्याचा टवका उडतो. गॉगल डोळ्यावर असलाच पाहिजे, बघायला बसलेल्या धाकट्या भावंडाच्याही. ठेचलेल्या कडेला सुरीसारखी बारीक कूस राहते. ती पॉलिश पेपरने घासल्याशिवाय बोट फिरवायचं नाही. आणि गॅसवर खिळा लाल करण्याचा प्रयोग चालू असेल तर तो बंद करा. चकचकीत खिळ्यांवर बऱ्याचदा जस्ताचा थर असतो. तो तापला की निघणाऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

मी सतरा वर्षांचा आहे. लहान रोटरी टूलला कटिंग डिस्क लावून स्टीलच्या पट्टीतून कट्यारी कापतो. डिस्क सारख्या तुटतात. एक तुकडा गालाला लागला. चष्मा आहे मला, मग गॉगल लागेल का?
(रत्नागिरी)

लागेल रे. नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असतो. चष्म्यावरून बसणारा गॉगल मिळतो, तो घे, आणि तुकडा गालाला लागला आहे तर फेसशील्डही घे. डिस्क तुटतात कारण तू पट्टी डाव्या हातात धरतोस. हात किंचित हलला की चिरेत डिस्क आवळते आणि फुटते. पट्टी टेबलावरच्या छोट्या व्हाइसमध्ये घट्ट धर, म्हणजे टूल दोन्ही हातांनी धरता येईल. डिस्क सरळ रेषेत चालव, चिरेत वळवू नकोस. कट्यारीचा बाक कापून काढायचा नसतो, सरळ कापून मग कानशीने आणायचा असतो. डिस्कवर किती फेऱ्यांपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, टूलचा वेग त्याच्या आत ठेव. सुरू केल्यावर थोडा वेळ ती मोकळी फिरू दे आणि तिच्या रेषेत तोंड ठेवू नकोस. पट्टीला भोक पाडायचं असेल तर तीच शिस्त. पातळ पत्र्यातून ड्रिल पलीकडे निघतं तेव्हा पत्रा अडकतो आणि ड्रिलबरोबर गरगर फिरतो. दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून, क्लॅम्प लावूनच भोक पाड. काम कोण बघतं तुझं? घरात कुणी मोठं असतानाच मशीन लावत जा.

मी लाकडात लहान तलवारी कोरते. अंगठ्याला कापलं की हळद भरते किंवा सुपरग्लू लावते. चालतं ना?
(सावंतवाडी)

दोन्ही नको. हळद भरली की जखमेचा तळ दिसत नाही आणि डॉक्टरांना ती आधी धुऊन काढावी लागते. दुकानातला सुपरग्लू खोल जखमेत ओतायची वस्तू नाही, आणि तो कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर इतका तापतो की चटका बसतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं घड्याळ लावून दाबा. मध्येच उचलून बघितलं की रक्त पुन्हा सुरू होतं. मग बोट वाकतंय का आणि दोन्ही कडांना स्पर्श कळतोय का ते बघा. यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि हो, चाकू अंगठ्याच्या दिशेने ओढून कोरत असाल तर अंगठ्याला चामड्याची टोपी घाला. बोथट चाकू परजून घ्या. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि सुटतो तेव्हा तो त्या सगळ्या जोरानिशी सुटतो.

वय ६१, मधुमेह आहे. चार दिवसांपूर्वी पात्याची बारीक कूस बोटात गेली. सुईने काढायला बघितलं, निघाली नाही. आता बोट ठणकतंय, रात्री झोप लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ का?
(सोलापूर)

हे उत्तर छापून यायची वाट बघू नका, म्हणून मी तुम्हाला संपादकांकरवी फोनवरही निरोप दिला आहे. इतरांसाठी इथे लिहिते. झोपमोड करणारा ठणका म्हणजे आत पू होतो आहे असं धरून चाला. बोट सगळीकडून सारखं सुजलंय, किंचित वाकलेलंच राहतं, दुसऱ्याने सरळ करायला घेतलं की कळ येते आणि तळव्याच्या बाजूने बोटभर दाबल्यावर दुखतं, अशी लक्षणं दिसली तर संसर्ग टेंडनच्या आवरणात गेलेला असू शकतो. अमेरिकन सर्जन ॲलन कनावेल यांच्या नावाने ही चार लक्षणं ओळखली जातात. तिथे काही तासांचा उशीरही बोटाला महागात पडतो, आणि मधुमेहात तर फारच. पोलादाची कूस एक्स-रेत दिसते, तेव्हा एक्स-रे मागून घ्या. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर अंगात धातूचा कण राहिला असण्याची शक्यता आधी सांगा. धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षं झाली असतील, किंवा जखम मळकी आणि पाच वर्षं झाली असतील, तर डोस घ्यावा लागतो. पण त्या लशीने आतला पू जात नाही. दवाखान्यात जाताना मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा, त्या हातातल्या अंगठ्या आत्ताच साबण लावून काढा, कारण सूज वाढली की त्या कापाव्या लागतात, आणि वाटेत हात छातीच्या वर धरा.